पपईवरचा परका पाहुणा

दिवाळीत पाहुण्याला कोणी दारातून परत धाडीत नाही; पण २०१० च्या सुमारास खानदेशात उतरलेल्या एका पाहुण्याने आम्हा मंडळींना पुरते रडविले.

शिरपूरकडे माझ्या मामांची पपईची बाग आहे. पानांच्या मागे, देठांशी, कच्च्या फळांवर कापसासारखी पांढरी पुटे चढली होती. हा पिठ्या ढेकूण. तो रस शोषून झाड खंगवितो, अंगातून गोड चिकटा गाळतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि तशा फळाला व्यापारी हात लावीत नाही. मामांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. पण किड्याच्या अंगावर मेणाचा थर आणि अंडी कापसाच्या पुंजक्यात. औषध आत पोचेना. शेजाऱ्यांनी तर उभी झाडे उपटून जाळली.

या किड्याचे मूळ घर मेक्सिको व मध्य अमेरिका. तिथे त्याचा फारसा बाऊ होत नाही, कारण त्याचे शत्रूही तिथेच नांदतात. १९९८ साली तो फ्लोरिडात दिसला, २००८ साली कोइमतूरला. शत्रू मात्र मागेच राहिले. गंमत अशी, की पपईही त्याच मुलुखातली, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आलेली. झाडामागून चारशे वर्षांनी त्याची कीड आली!

मग शत्रूलाच बोलावणे गेले. कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या ढालकिड्यांनी अशाच वाचविल्या होत्या. जुलै २०१० मध्ये अमेरिकी शेतीखात्याच्या मदतीने पोर्तो रिकोहून तीन जातींचे परोपजीवी कीटक बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक ब्यूरोत आले. त्यांतल्या 'ॲसेरोफॅगस पपायी'ने बाजी मारली. गांधीलमाशीच्या गोतातली ही माशी मुंगीहूनही लहान. माणसाला डसत नाही. ती ढेकणाच्या पिलात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते आणि मागे नुसते टरफल उरते. आधी तमिळनाडूत, मग महाराष्ट्रात ती सोडली गेली आणि कीड आटोक्यात आली.

मामांना मी हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे भाचा, माझ्या औषधाने ढेकूण राहिला असता आणि ही बापडी मेली असती?"

"होय, मामा."

पुढच्या दिवाळीला त्यांच्याकडून पपया आल्या. एकीच्या देठाशी चिमुकले तपकिरी टरफल चिकटले होते. घरच्यांनी फळ धुवायला नेण्याआधी मी भिंग लावून पाहिले. टरफलाला एक वाटोळे भोक होते. आतली माशी केव्हाच उडून गेली होती.