ट्रायब्युनल (लीग ऑफ लेजंड्स)

ट्रायब्युनल : ‘लीग ऑफ लेजंड्स’ या ऑनलाइन खेळातील गैरवर्तनाच्या तक्रारींचा निवाडा खेळाडूंच्याच मतांवर करणारी व्यवस्था. लॉस एंजेलिस येथील रायट गेम्स कंपनीने ती मे २०११मध्ये सुरू केली आणि २०१४मध्ये थांबवली. ऑनलाइन खेळांतील शिवीगाळ, छळ आणि मुद्दाम केलेला खेळबिघाड (खेळाडूंच्या भाषेत ‘टॉक्सिक’ वागणे) यांवरील उपायांच्या इतिहासात या प्रयोगाचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याच्याइतकी बारकाईने नोंदली गेलेली व्यवस्था क्वचितच आढळते.

पार्श्वभूमी : हा खेळ ऑक्टोबर २००९मध्ये खुला झाला. दोन संघ, प्रत्येकी पाच खेळाडू, बहुधा एकमेकांना अनोळखी. डाव साधारण अर्धा-पाऊण तास चालतो आणि मध्येच उठून जाणाऱ्याला दंड होतो. आपला खेळाडू मारला गेला, की मारणाऱ्याला सोने मिळते आणि त्याचे बळ वाढते. त्यामुळे एकाचे वारंवार मरणे उरलेल्या चौघांना भोवते. नवख्याची चूक आणि खोडसाळाने मुद्दाम दिलेला बळी वरवर सारखेच दिसतात. चॅटमधल्या बहुतेक भांडणांचे मूळ इथे आहे. खेळाडू जात्याच उद्धट असतात, हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे पडते.

पूर्वसुरी : खेळगड्यांनी आपल्यातल्याच एकाचा निवाडा करण्याचे जुने उदाहरण ‘लॅम्डामू’ या केवळ मजकुरावर चालणाऱ्या आभासी जगातले आहे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील पावेल कर्टिस यांनी ते उभारले होते. तेथे एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केला. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३मध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये त्याविषयी लिहिले. या प्रकारानंतर तेथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आली.

कार्यपद्धती : डाव संपल्यावर कोणालाही सहखेळाडूची किंवा प्रतिस्पर्ध्याची तक्रार करता येई. तक्रारीचे दहा ठरीव प्रकार होते. शिवीगाळ, आक्षेपार्ह भाषा, नकारात्मक वृत्ती, मुद्दाम मरणे, डाव सोडून जाणे हे त्यांतले प्रमुख. एकाच खेळाडूविरुद्ध पुरेशा तक्रारी साचल्या, की त्याचा खटला तयार होई. एका खटल्यात जास्तीत जास्त पाच डावांची कागदपत्रे असत. खेळातील वरची पातळी गाठलेल्या खेळाडूंना पंच म्हणून मत देता येई.

पंचासमोर येणारी फाइल अशी असे : तक्रारदारांनी लिहिलेल्या ओळी, त्या डावातील संपूर्ण चॅट, कोणी किती मारले आणि कोण किती वेळा मेला याचा तक्ता, विकत घेतलेल्या वस्तू. खेळाडूंची नावे झाकलेली असत. त्यांच्या जागी त्यांनी निवडलेल्या पात्रांची नावे दिसत. सगळे वाचून झाल्यावर निर्णय दोनच : शिक्षा किंवा माफी. आरोपीला बाजू मांडायला वाव नव्हता आणि पंचांची आपसात चर्चाही होत नसे. शिक्षा ताकिदीपासून काही दिवसांच्या बंदीपर्यंत चढत जाई. कायमची बंदी घालण्यापूर्वी कंपनीचे कर्मचारी प्रकरण पाहत.

सुरुवातीला बहुमताशी जुळणाऱ्या मतासाठी पंचांना खेळातील गुण मिळत. बहुतेक निकाल शिक्षेचेच लागतात हे ओळखून काहीजण फाइल न वाचताच शिक्षेचे बटण दाबतात, अशी टीका झाली. पुढे हे बक्षीस काढून टाकण्यात आले. बक्षीस ठेवणेच मुळात चूक होते. पंचाचा लाभ निकालाला बांधला, की निवाड्यावरचा विश्वास ढळतो.

व्याप्ती : कंपनीने दिलेल्या माहितीनुसार पहिल्या वर्षात ४ कोटी ७० लाख मते पडली. हेऊन क्वाक आणि जेरेमी ब्लॅकबर्न यांनी उत्तर अमेरिका, पश्चिम युरोप आणि दक्षिण कोरिया येथील १ कोटीहून अधिक तक्रारी व सुमारे १४ लाख ६० हजार आरोपींचा अभ्यास केला (२०१४, २०१५). पंचांच्या निकालाचा अंदाज यंत्राला बऱ्यापैकी बांधता येतो, असे त्यांना आढळले. शिवाय, चॅटमध्ये कोणी ‘याला रिपोर्ट करा’ असे उघड म्हटले, तर प्रतिस्पर्धी संघाकडून तक्रार येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. नुसता बघणारा सहसा गप्प राहतो.

वर्तन-प्रयोग : खेळाडूंच्या वर्तनासाठी कंपनीने नेमलेल्या पथकाचे प्रमुख जेफ्री लिन हे मेंदूविज्ञानाचे अभ्यासक होते. समोरच्या संघाशी चालणारे चॅट या पथकाने आपोआप बंद ठेवले. हवे त्याने ते स्वतः सुरू करावे, अशी सोय केली. आठवड्याभरात नकारात्मक चॅट ३२.७ टक्क्यांनी घटले आणि सकारात्मक चॅट ३४.५ टक्क्यांनी वाढले. सतत वाईट वागणारे खेळाडू सुमारे १ टक्काच होते आणि एकूण गैरवर्तनात त्यांचा वाटा अवघा ५ टक्के होता. उरलेला बराचसा भाग एरवी नीट वागणाऱ्यांचा, एखाद्या वाईट दिवशी तोल गेलेल्यांचा होता. मूठभर खलांना हाकलले की काम झाले, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

याहून मोलाचा निष्कर्ष शिक्षेच्या कारणाविषयीचा आहे. शिक्षा का झाली हे खेळाडूला कळवले, तेव्हा सुधारणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ६५वर गेले. त्याच्याच चॅटचा पुरावा सोबत जोडला, तेव्हा ते ७०वर पोहोचले. आजही अनेक खेळांत बंदीची सूचना एका मोघम ओळीत येते, म्हणून हे आकडे पुन्हापुन्हा सांगायला हवेत. मात्र ते कंपनीने स्वतः काढलेले आहेत.

व्यावसायिक खेळाडू : डिसेंबर २०१२मध्ये डिग्निटास संघाच्या एका खेळाडूवर, नऊ वेळा ट्रायब्युनलसमोर आल्यानंतर, वर्षभर स्पर्धाबंदी घालण्यात आली. बंदीनंतर तो पुन्हा स्पर्धांत उतरला.

स्त्री खेळाडू : खटल्यांचे लिंगनिहाय वर्गीकरण प्रसिद्ध नाही.

अखेर : खटले तुंबत. निकाल लागेपर्यंत खेळाडू तो डाव विसरलेला असे आणि शिक्षा गुन्ह्यापासून तुटे. २०१५मध्ये ट्रायब्युनलच्या जागी स्वयंचलित यंत्रणा आली. डाव संपल्यावर पंधरा मिनिटांत पुराव्यासह निकाल देणे हा तिचा उद्देश होता. पंचांच्या लाखो निकालांतून जमलेली माहिती अशा यंत्रणांना उपयोगी ठरली. वेग मिळाला, पण चांगले वागणे कशाला म्हणायचे हे ठरवण्यातला खेळाडूंचा हात सुटला. ट्रायब्युनल परत आणण्याचे बोलले गेले. ते आले नाही.

समांतर व्यवस्था : व्हॉल्व्ह कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’साठी २०१३मध्ये ‘ओव्हरवॉच’ आणले. त्यात अनुभवी खेळाडू संशयिताच्या डावाचे चित्रण पाहून मत देत. रोख मुख्यतः फसवणुकीवर होता.

भारत : भारतासाठी वेगळे ट्रायब्युनल नव्हते. रायटच्या ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर मुंबईत २०२०मध्ये सुरू झाला. त्या खेळातील तोंडी संभाषण यंत्राने तपासण्यासाठीचे ध्वनिमुद्रण जुलै २०२२मध्ये उत्तर अमेरिकेत आणि केवळ इंग्रजीपुरते सुरू करण्यात आले.