कोलकात्याचा मराठा खंदक

उत्तर कोलकात्यातील बागबाजार भागात 'मराठा डिच लेन' हे नाव आजही आढळते. नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी १७४२ मध्ये बंगालवर स्वारी केली. त्या वेळी नवाब अलिवर्दी खान यांच्या अनुमतीने शहराभोवती सात मैलांचा खंदक खोदण्याचे काम सुरू झाले. सुमारे तीन मैल खोदकाम झाल्यावर ते थांबले, कारण मराठे तेथवर आलेच नाहीत.

ग्रामीण बंगालला मात्र ही सुटका लाभली नाही. गावे जाळली गेली, विणकर व शेतकरी भागीरथीपार पळाले. गंगाराम यांच्या 'महाराष्ट्र पुराण' या समकालीन बंगाली काव्यात त्या अत्याचारांचे वर्णन आहे. सरकारी घोड्यावरील स्वाराला मराठीत 'बारगीर' म्हणत. त्यावरून आलेला 'बर्गी' हा शब्द बंगाली अंगाईगीतात भीतीचे नाव होऊन राहिला. आपल्या इतिहासग्रंथांतील 'मुलूखगिरी' ती हीच.

१७४४ मध्ये मनकरा येथे वाटाघाटीस बोलावून भास्करराम यांची हत्या करण्यात आली. १७५१ च्या तहाने बारा लक्ष रुपये वार्षिक चौथाई ठरली आणि ओडिशावर भोसल्यांचे वर्चस्व प्रस्थापित झाले. पुढे १७९९ मध्ये खंदकाचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला.