नालेच्या आकाराचे काउंटर: स्कॉटलंडचा पब त्याच्या विरोधकांनी कसा घडवला

ग्लासगो शहरातील ड्रुरी स्ट्रीट या अरुंद गल्लीत ‘हॉर्सशू बार’ नावाचा पब आहे. १८८० च्या दशकात जॉन स्काउलर या व्यावसायिकाने तो आजच्या रूपात उभा केला. त्याचे काउंटर घोड्याच्या नालेसारखे वळलेले असून त्याची लांबी १०४ फुटांच्या आसपास भरते. पर्यटक त्याकडे व्हिक्टोरियन सुतारकामाचा नमुना म्हणून पाहतात आणि तो तसा आहेही. परंतु ग्लासगोतील पबमालकांनी काउंटर भिंतीलगत न ठेवता खोलीच्या मधोमध आणले, त्यामागे केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती.

परवाना देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांना आडोसे नको होते. इंग्लंडच्या पबमध्ये असत तशा लाकडी पडद्यांआडच्या छोट्या खोल्यांत कोण किती पितो, कोण कुणासोबत बसतो, हे दिसत नसे. मधोमध काउंटर असले की आतील माणसाला चारही दिशांचे गिऱ्हाईक दिसे आणि दारातून डोकावणाऱ्या पोलिसालाही. ज्याला आज ‘पारंपरिक स्कॉटिश पबचे वातावरण’ म्हटले जाते, त्याचा मोठा भाग दारू विकणाऱ्यांनी जितका घडवला, तितकाच ती बंद पाडू पाहणाऱ्यांनी. या धाग्यात त्या दुसऱ्या बाजूची कहाणी.

आरंभी चित्र वेगळे होते. अठराव्या शतकातील एडिंबरा हे उंच इमारतींचे आणि दाटीवाटीचे शहर. घरे लहान असल्याने वकील आपल्या अशिलांना टॅव्हर्नमध्येच भेटत, व्यापारी तेथेच सौदे करत. तळघरांतील ‘ऑयस्टर सेलर’ म्हणजे कालवांच्या खाणावळी. तेथे पोर्टर बिअरसोबत कालवे खायला खानदानी स्त्रियाही जात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. पुढे उच्चवर्गीय कुटुंबे ‘न्यू टाउन’मधील प्रशस्त घरांत राहायला गेली. त्यांचे जेवण आणि मद्यपान स्वतःच्या दिवाणखान्यात होऊ लागले. टॅव्हर्न उरले ते ज्यांना दिवाणखाना नव्हता त्यांच्यासाठी.

१८२३ च्या अबकारी कायद्याने व्हिस्कीवरील कर कमी केला आणि अधिकृत भट्ट्यांचे उत्पादन झपाट्याने वाढले. याच काळात कापडगिरण्या, कोळसा आणि लोखंड यांच्या मागे धावत हजारो कुटुंबे शहरांत लोटली. एका खोलीत संपूर्ण कुटुंब, बाहेर पाऊस आणि कोपऱ्यावर स्वस्त व्हिस्की. १८२९ मध्ये ग्रीनॉकचे जॉन डनलॉप यांनी मद्यसंयमाच्या संस्था स्थापण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यासमोर हे वास्तव होते. या चळवळीला पुढे सोवळ्या धर्मोपदेशकांचा खटाटोप म्हणून हिणवले गेले. ते अन्यायाचे आहे. आठवड्याचा पगार शनिवारी रात्रीच संपलेल्या घरांतील स्त्रियांना तिचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नव्हता.

१८५३ मध्ये या चळवळीला मोठे यश मिळाले. फोर्ब्ज मॅकेन्झी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने स्कॉटलंडमधील पब रात्री अकराला बंद करणे सक्तीचे केले आणि रविवारी तर ते उघडायचेच नाहीत असे ठरवले. किराणा दुकानात उभ्याउभ्या पिण्यालाही बंदी आली.

मात्र एक फट राहिली. रविवारी हॉटेलांना ‘खऱ्याखुऱ्या प्रवाशाला’ मद्य देता येत असे. मग रविवारी स्कॉटलंडमध्ये प्रवासाला विलक्षण बहर आला! शेजारच्या गावापर्यंत चालत जायचे, हॉटेलच्या वहीत नाव-गाव लिहायचे आणि प्रवासाचा शीण घालवायचा. त्याच वेळी शेजारच्या गावचे लोक याच कामासाठी उलट दिशेने येत असत. हा प्रकार थेट १९६२ पर्यंत चालला.

वेळेचे बंधन काळानुसार आवळतच गेले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या उत्पादनावर परिणाम होतो म्हणून सरकारने पबच्या वेळा कापल्या, इतकेच नव्हे तर मित्राला स्वतःच्या पैशाने पेला पाजणेही गुन्हा ठरवले. युद्ध संपल्यावरही अनेक ठिकाणी रात्री नऊ-साडेनऊला दारे बंद होत राहिली. कामावरून सुटलेल्या मजुराच्या हाती तीनेक तास उरत. ‘हाफ अँड अ हाफ’ ही स्कॉटिश पबची प्रसिद्ध जोडी, म्हणजे व्हिस्कीचा छोटा पेला आणि सोबत अर्धा पाइंट बिअर, या घाईला चपखल बसली. खुर्च्या थोड्या, खायला फार तर मटणाच्या खिम्याचा गरम पाय, आणि काउंटरमागे ‘गँट्री’ या नावाने ओळखली जाणारी कोरीव लाकडाची उंच मांडणी, तिच्यावर व्हिस्कीची पिंपे आणि बाटल्या. बंद होण्याची घंटा वाजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात पेल्यांमागून पेले रिचवले जात. संयमासाठी केलेला नियम अशा रीतीने असंयमाला वेग देत होता.

काहींनी बंदीऐवजी दुसरा मार्ग शोधला, आणि या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा प्रयोग तोच आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात १८६० च्या दशकात एक पद्धत सुरू झाली होती: दारूविक्री एका संस्थेकडे सोपवायची, भागधारकांचा लाभांश मर्यादित ठेवायचा आणि उरलेला नफा सार्वजनिक कामांना द्यायचा. विक्रेत्याला जास्त विकण्यात फायदाच नसेल तर तो आग्रह कशाला करील, हा त्यामागील तर्क. १८९६ मध्ये फाइफमधील हिल ऑफ बीथ या खाणगावात ही पद्धत आली आणि मग फाइफ व लोदियनच्या कोळसापट्ट्यात असे अनेक पब उभे राहिले. लोक त्यांना नुसते ‘गॉथ’ म्हणू लागले. लाभांश सामान्यतः पाच टक्क्यांवर रोखलेला असे. उधारी नाही, जुगार नाही.

एडिंबराच्या दक्षिणेस न्यूटनग्रेंज या गावी १८९९ मध्ये सुरू झालेल्या ‘डीन टॅव्हर्न’च्या नफ्यातून बोलिंगचे मैदान, चित्रपटगृह आणि गावासाठी परिचारिका अशा सोयी झाल्या. म्हणजे बापाने प्यायलेल्या बिअरच्या पैशातून मुलाच्या आजारपणात नर्स घरी येई. यात दानशूरपणा होता तसा धाकही होता. त्या गावात खाण कंपनीची, घरे कंपनीची आणि पबच्या कारभारावरही कंपनीचाच हात. कामगाराच्या फावल्या वेळेवरसुद्धा मालकाची नजर राहावी, हा हेतू नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही डीन टॅव्हर्न आजही एका विश्वस्त संस्थेमार्फत चालतो आणि त्याचा नफा गावासाठी वापरला जातो.

सरकारनेही हा विचार उचलला. १९१६ मध्ये ग्रेटना येथील प्रचंड दारूगोळा कारखान्याच्या परिसरातील पब राज्याने स्वतः ताब्यात घेतले. काही बंद केले. उरलेल्यांत बसायला जागा आणि जेवण यांवर भर दिला. हे सरकारी पब १९७० च्या दशकापर्यंत चालले. पबमध्ये निवांत बसून जेवावे, ही आज स्वाभाविक वाटणारी कल्पना स्कॉटलंडमध्ये आधी एक सरकारी धोरण होती.

दुसरीकडे संपूर्ण बंदीचे समर्थक थांबले नव्हते. १९१३ च्या कायद्याने प्रत्येक भागातील मतदारांना आपल्याकडील परवाने रद्द करण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्रात ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असे मतदान होते, त्याच जातीचा हा प्रकार. अर्थात दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. १९२० मध्ये पहिले कौल झाले. पब राखण्याच्या बाजूने बहुसंख्य भागांनी मत दिले, पण चाळीसच्या आसपास भाग ‘कोरडे’ झाले. उत्तरेकडील विक हे हेरिंग मासळीचे बंदर १९२२ पासून १९४७ पर्यंत कोरडे राहिले. ग्लासगोजवळच्या कर्किंटिलॉकमध्ये तर बंदी १९६० च्या दशकापर्यंत टिकली. १९२२ च्या निवडणुकीत डंडी शहराने मद्यबंदी पक्षाचे एडविन स्क्रिमजर यांना संसदेत पाठवले आणि विन्स्टन चर्चिल यांना चौथ्या क्रमांकावर ढकलले. चर्चिल यांच्या पराभवाची कारणे केवळ दारूशी निगडित नव्हती, परंतु मद्यबंदीच्या मुद्द्यावर पक्ष काढून ब्रिटिश संसदेत पोहोचलेला माणूस हाच.

या कौलांत नगरपालिकेच्या मतदारयादीत नाव असलेल्या स्त्रियाही मत देत. पब बंद करण्याचा अधिकार त्यांना मिळाला तेव्हा अनेक पबच्या दारातून आत जाण्याची मुभा मात्र नव्हती. अ‍ॅबर्डीनच्या युनियन स्ट्रीटवरील ‘द ग्रिल’ हा पब केवळ पुरुषांसाठी होता. १९७३ मध्ये स्कॉटिश ट्रेड्स युनियन काँग्रेसच्या अधिवेशनाला आलेल्या महिला प्रतिनिधी त्यात घुसल्या आणि त्यांनी मद्य मागितले. ते त्यांना मिळाले नाही. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानंतर स्त्रियांना दार उघडले खरे, पण स्त्रियांसाठी स्वच्छतागृह बांधायला त्या पबला १९९८ साल उजाडले. एडिंबराच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात अलेक्झांडर मॉफॅट यांचे १९८० चे ‘पोएट्स पब’ हे प्रसिद्ध चित्र आहे. त्यात ह्यू मॅकडायर्मिड यांच्याभोवती देशातील थोर कवी पेले घेऊन बसलेले दिसतात. सगळे पुरुष. चित्रकाराने वस्तुस्थितीच रंगवली होती.

त्याच १९७३ मध्ये डॉ. क्रिस्टोफर क्लेसन यांच्या समितीचा अहवाल आला. क्लेसन हे क्षयरोगतज्ज्ञ. पबमालकांशी त्यांचे काही लागेबांधे नव्हते, त्यामुळे त्यांच्या निष्कर्षाला वजन आले. घाईने, उभ्याने आणि उपाशीपोटी पिण्याची सवय कमी वेळेमुळे बळावते. वेळ वाढवा, बसायला जागा द्या, जेवण द्या, कुटुंबांना येऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. १९७६ च्या कायद्याने पबची वेळ रात्री दहावरून अकरापर्यंत नेली आणि रविवार मोकळा केला. सव्वाशे वर्षांनी रविवारी स्कॉटिश पबची दारे उघडली. आज हॅगिस, म्हणजे मेंढीचे काळीज, यकृत व फुफ्फुस ओटसोबत शिजवलेला पदार्थ, त्याबरोबर सलगमसदृश कंद आणि बटाट्याचा लगदा अशी थाळी समोर घेऊन पर्यटक ‘जुन्या’ पबमध्ये निवांत बसतात. पदार्थ जुना आहे. पबमधला निवांतपणा मात्र बऱ्याच अंशी क्लेसन यांच्या नंतरचा.

जुन्या वास्तूंवरही याच सुमारास संकट आले होते. एडिंबराच्या ‘कॅफे रॉयल’मध्ये जेम्स वॉट, फॅरेडे आदी संशोधकांची डोल्टन कारखान्यात बनलेली रंगीत टाइलचित्रे आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही जागा वुलवर्थच्या दुकानाच्या विस्तारात जाणार होती. नागरिकांनी सह्या गोळा करून ती वाचवली.

क्लेसन यांची अपेक्षा कितपत फळाला आली? पबमधील शेवटच्या अर्ध्या तासाची झुंबड ओसरली. परंतु १९९० च्या दशकात स्कॉटलंडमधील मद्यजन्य मृत्यू झपाट्याने वाढले. तोवर मद्याचा मोठा हिस्सा सुपरमार्केटमधून घरी जाऊ लागला होता, जिथे ना चारही दिशांना पाहणारा काउंटरवरचा माणूस होता ना बंद होण्याची घंटा. २०१२ मध्ये स्कॉटिश संसदेने मद्याची किमान किंमत ठरवणारा कायदा केला. व्हिस्की उद्योगाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. तो वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघून २०१८ मध्ये प्रति युनिट ५० पेन्स दर लागू झाला आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून तो ६५ पेन्स झाला. हॉर्सशू बारच्या काउंटरवर त्याने काही फरक पडला नाही. पबमधील पेला त्याहून कितीतरी महाग आधीपासूनच होता.