डोंगर जमा, खाडी नावे

भूगोलाशी माझे संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटले. आम्ही कॉमर्सवाले. बँकेत चिकटल्यापासून माझा भूगोल खातेदाराच्या पत्त्यापुरताच उरला आहे. पण परवा जेवताना आमच्या कन्येने एकदम विचारले, "बाबा, डोंगर नूतनीकरणक्षम असतो का?"

मी सवयीने म्हणालो, "मुदतीच्या आत फॉर्म भरला तर असतो."

सौभाग्यवतींनी आमटीची पळी हवेतच थांबवून माझ्याकडे पाहिले.

कन्येच्या गृहपाठात साधनसंपत्तीचे दोन गट पाडायचे होते. झाडे, मासे एका गटात गेले, दगडी कोळसा, खनिज तेल दुसऱ्यात. डोंगर मात्र कुठेच बसेना. एखाद्या रकमेचे खाते सापडत नसले की आम्ही ती 'सस्पेन्स'ला टाकतो. डोंगरही तिथेच टाकायला सांगितला आणि ताकभाताकडे वळलो.

पण झोप लागेना. कारण आम्ही राहतो नवी मुंबईत, आणि या शहराचा सारा हिशेबच डोंगर आणि खाडी यांच्यातला आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला. एक थर निवला की दुसरा, त्यावर तिसरा. त्याचा झाला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. ठाण्यापासून बेलापूरकडे पसरलेला आपला पारसिकचा डोंगर याच घराण्यातला. एवढ्या लांब मुदतीची ठेव आमच्या बँकेत कोणी ठेवलेली नाही.

समोर ठाण्याची खाडी. पुलावरून जाताना पाहुणे तिला हटकून नदी समजतात आणि नाणे टाकतात. ती नदी नव्हे. समुद्राचा आत आलेला हात आहे. दिवसातून दोनदा भरणा, दोनदा उचल. या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आगरी-कोळी मंडळींनी बांध घालून खाऱ्या जमिनीत भात पिकवला, मिठागरे केली, मासळी धरली. मिठागराचा धंदा तर मला फार आवडतो. समुद्र आत घ्यायचा, ऊन वरून फुकट मिळते, मीठ उचलायचे, आणि पुढच्या हंगामाला समुद्र पुन्हा हजर! केवळ व्याजावर संसार, मुद्दलाला धक्का नाही.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी वाटून घ्यायला ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला. मग पारसिकच्या अंगाला खाणी लागल्या. डोंगराची खडी झाली, खडीचे रस्ते आणि इमारती झाल्या. सखल, भरतीच्या पातळीखालच्या जमिनीला बांध आणि धारण तलाव आले. ओहोटीला त्यांची झडप उघडून पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला झडप मिटून समुद्र बाहेरच राहतो. आमच्यासारखे लोक वरच्या मजल्यावर सुखाने घोरतात ते या झडपेच्या भरवशावर.

मोठी उलाढाल झाली उलव्याला. सुमारे ९० मीटर उंच डोंगर विमानतळासाठी कापला, उलवे नदीला वळण दिले आणि त्याच दगडाने दलदल भरून उंच केली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात विमाने उडू लागली. आता संपत्ती खात्याचा नियम असा, की येणारे ते नावे, जाणारे ते जमा. म्हणजे डोंगर जमा, खाडीतली भर नावे. दोन्ही बाजू जुळल्या! 'इतिहासजमा' हा शब्द माझ्याच जातीच्या एखाद्या कारकुनाने काढला असावा.

एक नोंद मात्र जुळत नाही. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या दामासाठी उरण तालुक्यातले शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिले. जासईच्या दास्तान फाट्यावर आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. नवीन असताना मला 'साडेबारा टक्के' हा व्याजाचा दर वाटे आणि चांगलाच वाटे. तो मुद्दलातला परतलेला भाग आहे, हे नंतर समजले.

आमच्या काउंटरवर एक म्हातारे काका पासबुक भरून घ्यायला येतात. रक्कम चांगली आहे, घाई नसते. एकदा पावसाळ्याच्या तोंडाशी सांगत होते, "डोंगरावर ढग टेकला की आम्ही मिठाच्या राशी झाकायला धावायचो, साहेब. आता नातू मोबाइल बघून सांगतो, पाऊस येणार. पण झाकायचं काय?"

मी पासबुक यंत्रातून काढून दिले. त्यांनी चष्मा लावून ओळीवरून बोट फिरवले.

"जमा, जमा, जमा… गेलं ते कुठल्या पानावर लिहिता?"

"ते आमच्याकडे नसतं लिहीत, काका," मी म्हणालो. मागे रांग वाढली होती.

कन्येची वही काल तपासून आली. दोन्ही गट बरोबर होते. खाली तिने सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'डोंगर – सस्पेन्स.' बाईंनी लाल शाईने त्याला गोल केला आहे आणि पालकांना भेटायला बोलावले आहे.