टिमथीची भिंत

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या परसातली विहीर (गोव्यात आम्ही तिला बांय म्हणतो) उपसायला घेतली, तेव्हा तळाच्या चिखलातून एक कासव वर आले. पाणी स्वच्छ राहते म्हणून विहिरीत कासव सोडायची आमच्याकडे जुनी रीत. हे कासव आजोबांनी सोडलेले, असे बाबा सांगत. म्हणजे किमान चाळीस वर्षे ते त्या अंधारात होते.

विहिरीचे काम संपेपर्यंत त्याला ठेवायचे कुठे? मुलीने हट्टच धरला, "बाबा, आपण त्याला परसातच पाळूया." मग एका रविवारी मी पडक्या गोठ्याचे चिरे वाहून आणले, माडाच्या बुंध्याशी दोन थरांचे कुंपण रचले, मधोमध पाण्याचे घमेले पुरले आणि वर झावळ्यांची सावली केली. सरकारी कारकुनाच्या हातून एवढे बांधकाम म्हणजे खूप झाले! पण दुसऱ्या दिवशी पाहतो तर कासव एका कोपऱ्यात चिऱ्यावर नखे घासत उभे. तिसऱ्या दिवशीही तेच.

आणि मला बी. ए.ला असताना वाचलेला टिमथी आठवला.

गिल्बर्ट व्हाइट हा इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातल्या सेलबोर्न गावचा पाद्री. गावातले पक्षी, किडे, झाडे, पाऊसपाणी यांविषयी त्याने मित्रांना लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक १७८९ साली निघाले आणि निसर्गलेखनात अमर झाले. त्या पुस्तकात एक कासव आहे. भूमध्य समुद्राकडचे, जमिनीवर राहणाऱ्या जातीचे. ते ससेक्समध्ये व्हाइटच्या आत्याकडे होते. तिच्या घराच्या भिंतबंद अंगणात त्याने तीस-चाळीस वर्षे काढली. खाऊ घालणारी ही म्हातारी दिसली की ते लगबगीने तिच्याकडे निघे, परक्याकडे मात्र ढुंकूनही पाहत नसे.

१७८० च्या मार्चमध्ये आत्या वारली. व्हाइटने ते कासव हिवाळी झोपेत असतानाच जमिनीतून उकरून काढले, मातीसकट पेटीत घातले आणि घोडागाडीने ऐंशी मैलांवरच्या सेलबोर्नला आणले. वाटेतल्या खडखडाटाने त्याची झोप मोडली. बागेत सोडल्यावर त्याने दोन फेऱ्या मारल्या आणि संध्याकाळी पुन्हा स्वतःला मातीत पुरून घेतले.

पुढची तेरा वर्षे व्हाइट त्याच्या मागे होता. तराजूत घालून त्याचे वजन करी. एकदा पाण्याच्या टबात सोडून पाहिले, तर ते बुडाले आणि तळाशी घाबरेघुबरे होऊन चालू लागले. पावसाचे थेंब पडले की ते आडोशाला पळे. शरद ऋतूत ऊन कमी झाले की फळझाडांच्या भिंतीशी जाऊन, कवच तिरपे करून भिंतीला टेकत असे, म्हणजे उन्हाची शेवटची तिरीपही अंगावर यावी. आपण ज्या भिंतीने त्याला कोंडतो, तीच भिंत त्याने आपली शेकोटी करून घेतलेली! हे वाचून मी माझ्या कुंपणाकडे पाहिले. मी सावलीचा विचार केला होता, उन्हाचा नाही.

पण व्हाइटने आणखीही एक नोंद केली आहे. जूनच्या सुमारास हे सुस्त जनावर पहाटे पाचला उठे, जणू चवड्यांवर चालत बागेभर फिरे आणि कुंपणातले एकेक दार, एकेक फट तपासून पाही. १७८४ च्या मे महिन्यात कुणीतरी फाटक उघडे टाकले आणि टिमथी पसार झाला. आठवडाभराने सापडला. व्हाइटला वाटले, जोडीदारीण शोधायला गेला असावा.

व्हाइट १७९३ मध्ये गेला, टिमथी पुढच्याच वर्षी. त्याचे कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये आहे. या जातीत नराचे पोटाकडचे कवच खोलगट असते, मादीचे सपाट. पुढे अभ्यासकांनी ते पाहिले आणि उलगडा झाला : टिमथी मादी होती. अर्धशतकाहून अधिक काळ ती इंग्लंडातल्या दोन भिंतींच्या आत एकटी राहिली. जूनमधली ती पहाटेची धडपड कदाचित अंडी घालायला जागा शोधण्यासाठी असेल. इतक्या प्रेमाने, इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाच्याही हे ध्यानात आले नाही.

मग कुंपण नकोच का? तसेही म्हणवत नाही. फ्रेंच दर्यावर्दी मारियाँ द्युफ्रेन याने १७६६ मध्ये सेशेल्सहून मॉरिशसला एक प्रचंड कासव नेले. पोर्ट लुईच्या छावणीत ते दीडशे वर्षे वावरले. राज्य फ्रेंचांचे जाऊन इंग्रजांचे आले, कासव तिथेच. म्हातारपणी ते आंधळे झाले आणि १९१८ साली तोफेच्या चौथऱ्यावरून पडून मेले. एक बुटकी भिंत तिथे असती तर?

चौथ्या दिवशी ऑफिसात ही हकिकत सांगितली, तर शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "अहो, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे! सरकारी नोकर तुम्ही, आणि रानातले कासव घरी पाळता?" मी ओशाळलो. विहिरीत ठेवले तर रीत आणि चिऱ्यांत ठेवले तर गुन्हा, असा भेद आम्ही मनाशी धरून बसलो होतो. कायद्यात तो नाही. कासवाच्या लेखीही नसणार.

वनखात्याची माणसे आली आणि त्याला घेऊन गेली. मुलगी दिवसभर बोलली नाही. रात्री जेवताना तिने विचारले, "बाबा, तो 'तो' होता की 'ती'?"

घरातल्या तीन पिढ्यांनी त्या विहिरीचे पाणी प्यायले, पण हे कुणालाच ठाऊक नव्हते. एवढे व्हाइटपुराण आठवूनही न्यायला आलेल्या माणसांना विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.

चिरे अजून तिथेच आहेत. आत आता तांबडी भाजी पेरली आहे.