मडक्यातला दहावा रुपया

न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात उघडता-मिटता काय भाव निघतो, यावर मुंबईचा गिरणी-कामगार एके काळी पैसे लावीत असे. १९६१ साली ते आकडे येणे थांबले. खेळ थांबला नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर तो पुन्हा मांडला. पुढे रतन खत्री यांचे नाव गाजले. हिशेब साधा होता : आकडे दहा, जिंकणाऱ्यास नऊपट. दहाही आकड्यांवर रुपया-रुपया लावणारा हमखास एक रुपया गमावी. २०२३ मध्ये आमच्या भिलाईशी जोडलेल्या ‘महादेव’ अ‍ॅपची चौकशी देशभर गाजली. मडके गेले, फोन आला. श्रोतेहो, इतिहासात नावे राहिली ती खेळवणाऱ्यांची. हरलेले पगार मात्र निनावीच राहिले.