कुटुंबाची मोटार, चालकाची हौस

दुसरे अपत्य झाले किंवा आई-वडील सोबत राहावयास आले, की घरची छोटी मोटार अपुरी पडते. मग सात आसनांच्या गाड्या पाहिल्या जातात आणि वाहन चालविण्याची हौस असलेला गृहस्थ ‘आता हौस संपली’ अशी मनाची समजूत घालतो. ही समजूत अनाठायी आहे. वळणावर गाडी कलली, की चालकाचा भरवसा डळमळतो आणि त्याच कलण्याने मागच्या रांगेतील मुलाला मळमळते. चालकाला सुखावणारी गाडी बहुधा मागच्यांनाही सुखावते.

पहिला प्रश्न बांधणीचा. इनोव्हा क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओ-एन यांची बॉडी लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या स्वतंत्र सांगाड्यावर बसविलेली असते. अशा गाड्या दणकट खऱ्या, परंतु उंच आणि वजनदार. अर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा हायक्रॉस यांची बांधणी एकसंध असल्याने त्या चालविताना मोटारीसारख्या वाटतात. गावी खडकाळ वाट नसेल, तर शहरी कुटुंबास हीच बांधणी पुरेशी ठरते.

शोरूमभोवतीच्या चकरेत यातील काहीच कळत नाही. पुणेकरांसाठी उत्तम परीक्षा म्हणजे आळेफाट्यावर नाशिक महामार्ग सोडून कल्याणच्या दिशेने पिंपरी पेंढार, ओतूर आणि पुढे माळशेज घाट. विक्रेता गाडी इतकी दूर नेऊ देणार नाही. तेच मॉडेल एक दिवस भाड्याने घ्यावे, आणि मुख्य म्हणजे सर्व कुटुंब व सामान घेऊन जावे. रिकाम्या गाडीचे सस्पेन्शन काहीसे कडक भासते, सात माणसे बसली की तेच मवाळ होते. जुन्नर तालुक्यात गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर पुढे असतात. त्यांना ओलांडताना इंजिनाचा कस लागतो. अर्टिगाचे दीड लिटर पेट्रोल इंजिन सुमारे १३७ न्यूटन मीटर टॉर्क देते, तर कॅरेन्सचे तेवढ्याच क्षमतेचे डिझेल इंजिन २५०. भरल्या गाडीत हा फरक पहिल्याच चढावर जाणवतो. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये गाडी किती आवरते, हेही पाहावे. तिसऱ्या रांगेत स्वतः अर्धा तास बसावे; हे बहुतेक पुरुष टाळतात!

सामानाचा हिशेब वेगळाच. ट्रायबरमध्ये सातही आसने वापरात असता मागे जेमतेम ८४ लिटर जागा उरते. तिसरी रांग काढली, की ती ६२५ लिटर होते. रोज पाच आणि सणासुदीला सात माणसे असणाऱ्या घरास हे सोयीचे, परंतु गणपतीत गावी जाताना सामान टपावर चढवावे लागेल. टपावर वजन म्हणजे वळणावर पुन्हा कलणे आले.

सुरक्षेत तडजोड नको. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसविल्यास १,००० रुपये दंड आहे. दोन बालआसने लावल्यावर तिसऱ्या रांगेत जाण्यास वाट राहते का, हे आसने सोबत नेऊन तपासावे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली अपघात चाचणी सुरू आहे. तिच्यात प्रौढांचे व बालकांचे तारे स्वतंत्र असतात. बालकांचे आधी वाचावेत.